इंग्रजी शब्दांची ओळख करून घेऊ

(जालना जिल्ह्यातील एका प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



दिवसभर शेतात राबून, गुरांचे चारापाणी करून, दोन घास खाऊन तुम्ही इथे येऊन बसला आहात. डोळ्यांवर झोप आहे, हे आम्हाला दिसते. म्हणून फार लांबण लावणार नाही.

तुम्ही आता अक्षरे जुळवून वाचू लागला आहात. सही करता. एसटीवरची पाटी वाचून गाडीत बसता. ही काही लहान गोष्ट नाही. पण मागच्या आठवड्यात तुमच्यातल्याच एका मावशींनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं तर लागली. पण वाचलेलं कळंना. दुकानावर 'जनरल स्टोअर्स' लिहिलंय. अक्षर मराठी, पण शब्द आपला नाही. मग शिकून काय उपयोग?"

प्रश्न खरा आहे. आजचे आमचे बोलणे याच प्रश्नावर आहे.

आम्ही मावशींना उलट विचारले, "तुम्हाला इंग्रजी शब्द किती येतात?"

"एक बी नाही," त्या म्हणाल्या.

"बरं, मग परवा वर्गाला उशीर का झाला होता?"

"काय करावं? टायमावर निघाले होते. पण एस्टी पंक्चर झाली. मग ऑटोनं आले. लेकीला फोन करावा म्हटलं, तर बॅटरीच संपली."

सारा वर्ग हसू लागला. मावशींना कळेना, लोक का हसतात. मग आम्ही बोटे मोडून दाखवली. टाइम, एसटी, पंक्चर, ऑटो, फोन, बॅटरी. एका दमात सहा इंग्रजी शब्द! आणि म्हणे एकही येत नाही.

मंडळी, तुमचेही तसेच आहे. तुम्हाला शे-दोनशे इंग्रजी शब्द येतात. फक्त ते इंग्रजी आहेत, हे तुम्हाला ठाऊक नाही.

शब्द पाहुणे म्हणून येतात

दुसऱ्या भाषेतले शब्द आपल्याकडे येणे, ही काही आजची गोष्ट नाही. आपण अर्ज करतो. वकील लावतो. तहसीलला जातो. जमिनीचा दस्तऐवज जपून ठेवतो. हे शब्द फारसी आणि अरबी भाषांतून आले. चावी, साबण, बटाटा, पगार हे शब्द पोर्तुगीज लोकांबरोबर आले. आपल्या जालन्याची मोसंबी दूरवर जाते. पण तिचे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिक या देशाच्या नावावरून पडले, असे सांगतात.

इंग्रजही आपल्या भागात लवकर आले. १८०३ साली असईची मोठी लढाई झाली. ते असई गाव आज आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. पुढे जालन्याला लष्कराची छावणी पडली. पलटण हा शब्द असाच लष्करातून आला. फौजेत नवा भरती झालेला शिपाई म्हणजे रिक्रूट. लोकांनी त्याचा रंगरूट केला. मग १९०० सालच्या सुमारास रेल्वे आली. तिच्याबरोबर स्टेशन, तिकीट, सिग्नल हे शब्द आले. आपण स्टेशनचे ठेसन केले आणि ते घरचेच झाले.

पण एक गोष्ट विसरू नका. शब्द नुसते येत नाहीत. त्यांच्याबरोबर कधी कधी सत्ताही येते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. आपले आजे-पणजे मराठी बोलणारे. कागद आला की त्यांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. वाचणारा सांगेल ते खरे. तो म्हणेल तिथे अंगठा उठवायचा. ज्याला कागदावरचा शब्द कळत नाही, त्याची जमीन त्या शब्दाच्या मुठीत असते. हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांनी हे फार पूर्वी ओळखले होते. त्या काळी कारभारात फारसी शब्दांची गर्दी झाली होती. महाराजांनी आज्ञा करून 'राज्यव्यवहारकोश' नावाचा कोश तयार करवून घेतला. कोणत्या फारसी शब्दाला आपला कोणता शब्द वापरावा, ते त्यात लिहिले होते. स्वराज्याचा कारभार लोकांना समजला पाहिजे, हा शहाणपणा त्यात होता.

आज फारसीच्या जागी इंग्रजी शब्द आले आहेत. म्हणून आपणही आपला एक छोटा कोश करू या. मोठा नको. जे शब्द आपल्या जिवाशी आणि पैशाशी गाठ घालतात, तेवढेच घेऊ.

दिसणारे शब्द आणि न दिसणारे शब्द

कप, बस, टेबल, बटण हे शब्द शिकवावे लागत नाहीत. वस्तू डोळ्यांसमोर असते. बोट दाखवले की कळते. पण काही शब्द असे आहेत की, त्यांची वस्तू दिसत नाही. पॉझिटिव्ह, एक्सपायरी, क्रेडिट, जर्मिनेशन. याला बोट कुठे दाखवणार? हे शब्द मुद्दाम शिकावे लागतात. आणि घात होतो तो याच शब्दांनी.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते. पण तुमच्या उपयोगाची आहे.

आम्ही तेव्हा दहावीच्या वर्गात होतो. घरात इंग्रजी वाचणारे आम्ही एकटेच. कुणाचाही कागद आला की आमच्यापुढे यायचा. आम्हाला मोठा मान वाटे.

आमच्या चुलत्यांना खोकला लागला. महिना झाला तरी जाईना. संध्याकाळी ताप भरायचा. अंग उतरत चालले. शेवटी तालुक्याच्या गावी जाऊन त्यांनी बेडका तपासायला दिला. दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. तो डॉक्टरांना दाखवायचा होता. पण डॉक्टर त्या दिवशी आले नव्हते. चुलत्यांनी कागद घरी आणला आणि आमच्या हातात दिला.

कागदावर इंग्रजीत लिहिले होते, 'पॉझिटिव्ह'. आम्हाला शब्द वाचता आला. शाळेत त्याचा अर्थही शिकलो होतो. पॉझिटिव्ह म्हणजे चांगला, होकाराचा. आम्ही ऐटीत सांगितले, "काका, रिपोर्ट चांगला आहे. काळजी नको."

काकूंनी देवापुढे साखर ठेवली. चुलते पुन्हा डॉक्टरांकडे गेले नाहीत. कशाला जातील? घरच्या शिकलेल्या पोराने सांगितले होते ना!

तीन महिने गेले. एके दिवशी खोकल्यातून रक्त पडले. मग त्यांना जालन्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी तोच जुना कागद पाहिला. ते म्हणाले, "हा क्षयाचा रिपोर्ट आहे. जंतू सापडलेत असं यात स्पष्ट लिहिलंय. तीन महिने काय करत होतात?"

कुणी काही बोलले नाही. सगळे आमच्याकडे पाहू लागले.

चुलत्यांनी सहा महिने गोळ्या घेतल्या आणि ते बरे झाले. पण त्या तीन महिन्यांत घरातल्या सुनेलाही तोच आजार लागला होता. तिलाही सहा महिने गोळ्या खाव्या लागल्या. तिचे मूल तेव्हा अंगावर पीत होते. चुलते आम्हाला एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते.

मंडळी, आम्ही अडाणी नव्हतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो होतो. शब्दाचा शाळेतला अर्थ आम्हाला ठाऊक होता. दवाखान्यातला ठाऊक नव्हता.

दवाखान्यातले शब्द

दवाखान्यात पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधले ते सापडले. निगेटिव्ह म्हणजे जे शोधले ते सापडले नाही. एवढेच. क्षय शोधला आणि पॉझिटिव्ह आले, तर क्षय आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हा शब्द घरोघर पोचला. पण नव्या लग्नाच्या सुनेची गरोदरपणाची तपासणी केली आणि पॉझिटिव्ह आली, तर घरात आनंद होतो. शब्द एकच. एका घरात काळजी, दुसऱ्या घरात पेढे.

रक्ताच्या गटात हाच शब्द तिसऱ्या अर्थाने येतो. कुणाचे रक्त 'बी पॉझिटिव्ह', कुणाचे 'ओ निगेटिव्ह'. तिथे चांगले-वाईट काही नाही. ते नुसते रक्ताचे प्रकार आहेत. निगेटिव्ह म्हटले म्हणून घाबरू नये.

आता दुसरा शब्द घ्या, एक्सपायरी. एक्सपायरी म्हणजे मुदत संपणे. औषधाच्या पाकिटावर तीन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर ई. उभा दांडा आणि त्याला उजवीकडे तीन दाते, जसे आपले दाताळे. दुसरे अक्षर एक्स. ती नुसती फुली. तिसरे अक्षर पी. उभी काठी आणि वरच्या अंगाला उजवीकडे फुगलेले पोट. दाताळे, फुली आणि पोटाची काठी दिसली की त्यापुढे मुदत लिहिलेली असते. आधी महिना, मग वर्ष. सहा, आडवी रेघ आणि दोन हजार सत्तावीस असे असेल, तर ते औषध २०२७ च्या जून महिनाअखेरपर्यंत चालते. पुढे घेऊ नये.

आणि दवाखान्यात कुणी सांगितले की, "पेशंट एक्सपायर झाला," तर पेशंट म्हणजे रोगी, आणि तो वारला, असा अर्थ होतो. औषध एक्सपायर होते आणि माणूसही एक्सपायर होतो. म्हणून शब्द कुठे आला, ते आधी पाहावे.

इंग्रजी आकड्यांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो. इंग्रजी आठ हा आपल्या चारासारखा दिसतो. मोबाइलवरचे आकडे रोज पाहता, तेच डोळ्यांपुढे ठेवा. तारीख वाचताना गफलत होणार नाही.

आणखी दोन शब्द. इमर्जन्सी म्हणजे तातडी, जिवावरचा प्रसंग. पाटीवर हा शब्द दिसला की रांगेत थांबू नका, सरळ तिथे जा. गाडी हवी असेल तर १०८ हा नंबर फिरवा. आणि डिस्चार्ज म्हणजे घरी जाण्याची परवानगी. डिस्चार्ज मिळाला म्हणजे रोग बरा झालाच, असे नाही. त्या कागदावर पुढच्या गोळ्या आणि पुन्हा येण्याची तारीख असते. ती विचारून घ्या.

बियाण्याच्या आणि औषधाच्या दुकानात

आपले जालना बियाण्यांसाठी साऱ्या देशात ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यातून बियाणे देशभर जाते, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पिशवीवरचे शब्द आलेच पाहिजेत.

जर्मिनेशन म्हणजे उगवण. सोयाबीनच्या पिशवीवर जर्मिनेशन सत्तर टक्के लिहिले, तर शंभर दाण्यांतले निदान सत्तर दाणे उगवले पाहिजेत. हे घरी तपासता येते. शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटात ओळीने मांडा आणि गुंडाळून ठेवा. रोज थोडे पाणी शिंपडा. आठवड्याने मोड मोजा. सत्तर किंवा जास्त निघाले, तर बी चांगले. पन्नास निघाले, तर पेरणीआधीच कळले. बी जमिनीत गेल्यावर कळून काय उपयोग?

प्युरिटी म्हणजे शुद्धता. लॉट नंबर म्हणजे त्या बियाण्याच्या घाणीचा, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या खेपेचा क्रमांक. व्हॅलिड म्हणजे चालू, मुदतीत असलेले.

पिशवीला एक चिठ्ठी शिवलेली असते. तिला टॅग म्हणतात. निळसर टॅग असेल, तर ते सर्टिफाइड, म्हणजे सरकारी यंत्रणेने तपासून प्रमाणित केलेले बी. हिरवट टॅग असेल, तर ते ट्रूथफुल. ट्रूथफुल या शब्दाचा अर्थ खरेपणाचा. पण इथे त्याचा अर्थ एवढाच की, कंपनी आपल्या जबाबदारीवर सांगते, आम्ही लिहिले ते खरे आहे. ते बी वाईट असते, असे नाही. पण दोन्हींत फरक आहे, तो माहीत हवा.

आता एका शेतकऱ्याची हकिकत ऐका. त्यांचे सोयाबीन उगवले नाही. तीन एकर रान मोकळे राहिले. ते तक्रार घेऊन गेले. साहेबांनी विचारले, "बिल आहे का? टॅग आहे का? लॉट नंबर किती?" त्यांनी बिल घेतले नव्हते. पिशवी वरून फाडली, तेव्हा टॅगही गेला होता. रिकाम्या पिशवीत घरच्यांनी गोवऱ्या भरल्या होत्या. खरे बोलणारा माणूस, पण हातात पुरावा नाही. दुबार पेरणीचा खर्च त्यांनी अंगावर सोसला.

म्हणून पिशवी खालच्या बाजूने फोडा. टॅग, बिल, पिशवी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. बी उगवले नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. ग्राहक न्यायालयातही जाता येते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे.

आता फवारणीकडे वळू. कीटकनाशकाला आपण औषध म्हणतो. "आज कपाशीला औषध मारलं," असे म्हणतो. मंडळी, इथे आपलाच शब्द आपल्याला फसवतो. ते औषध नव्हे. डब्यावर इंग्रजीत खरे लिहिलेले असते, पॉयझन. म्हणजे विष.

डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल रंग म्हणजे सगळ्यांत जहाल विष. त्याच्या वर कवटी आणि दोन हाडे असतात. त्याखालोखाल पिवळा. तिथेही पॉयझनच लिहिलेले असते. मग निळा. तिथे डेंजर, म्हणजे धोका. शेवटी हिरवा. तिथे कॉशन, म्हणजे जपून. हिरवा रंग पाहून पुष्कळांना वाटते की, हे निर्धोक आहे. तसे नाही. हिरवा म्हणजे कमी विषारी, पण विषच.

२०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो आजारी पडले. ते आपल्यासारखेच राबणारे लोक होते. म्हणून तोंडाला फडके आणि हातात मोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून फवारा. फवारताना विडी ओढू नका, काही खाऊ नका. डब्याबरोबर माहितीचा कागद असतो, तो दुकानदाराकडून मागून घ्या. त्यात अँटिडोट हा शब्द असतो. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. कुणाला विषबाधा झाली, तर रोग्याबरोबर तो डबाही दवाखान्यात न्या. डॉक्टरांना डब्यावरून उतारा कळतो.

दुकानातला शेवटचा शब्द एमआरपी. म्हणजे जास्तीत जास्त किरकोळ किंमत. त्यात सगळे कर आलेले असतात. बांधून आलेल्या मालाला दुकानदाराला त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. कमी घेता येतो. म्हणून "एमआरपी इतकी आहे, तुम्ही किती लावता?" असे विचारायला हरकत नाही.

बँकेत आणि मोबाइलवर

आपल्या जुन्या वहीखात्यात दोन शब्द होते. जमा आणि नावे. बँकेतले क्रेडिट आणि डेबिट म्हणजे तेच. क्रेडिट म्हणजे जमा, पैसे आले. डेबिट म्हणजे नावे, पैसे गेले. मोबाइलवर निरोप आला की आधी हा शब्द शोधा. तुम्ही पैसे काढले नाहीत आणि डेबिट लिहून आले, तर त्याच दिवशी बँकेत जा.

पण इथेही एक खोच आहे. किसान क्रेडिट कार्ड या नावातले क्रेडिट म्हणजे जमा नव्हे. तिथे क्रेडिट म्हणजे उधारी, कर्ज. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणायचे, "सरकारनं कार्डावर पैसे दिले." ते पैसे परत करायचे असतात आणि वेळेवर केले नाहीत तर व्याज चढते, हे त्यांना तीन वर्षांनी बँकेची नोटीस आल्यावर कळले.

बॅलन्स म्हणजे शिल्लक. ओटीपी म्हणजे एकदाच वापरायचा गुप्त आकडा. पिन म्हणजे आपला कायमचा गुप्त आकडा. हे दोन्ही म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या. फोनवर गोड बोलून कुणी मागितल्या तरी देऊ नका. बँकेचा साहेब कधी मागत नाही. एक नेम पक्का ठेवा: मोबाइलवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे द्यायलाच लागतो. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन दाबा," असे जो म्हणतो, तो चोर समजावा. फसगत झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाचण्याची आशा जास्त.

आता तर गावातच यंत्रावर अंगठा ठेवून पैसे निघतात. सोय चांगली आहे. पण मंडळी, अंगठा तोच आहे! पूर्वी सावकाराच्या कागदावर उठायचा, आता यंत्रावर उठतो. म्हणून किती रुपये काढले, ते यंत्रावर वाचा. पावती मागा. "मशीन चाललं नाही, पुन्हा अंगठा ठेवा," असे कुणी म्हटले, तर आधीचे पैसे डेबिट झाले नाहीत ना, हे पाहून मगच ठेवा.

शिकावे कसे?

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, एवढं सगळं डोक्यात कसं राहावं?" राहील. त्याला युक्ती आहे.

पहिली गोष्ट. एक वही करा. एका बाजूला इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहा. दुसऱ्या बाजूला आपला अर्थ लिहा. दिवसाला एकच शब्द. वर्षात साडेतीनशे शब्द होतील.

दुसरी गोष्ट. शब्द एकटा लिहू नका. तो कुठे भेटला, तेही लिहा. नुसते 'क्रेडिट म्हणजे जमा' असे नको. 'पासबुकात क्रेडिट म्हणजे जमा, कार्डावर क्रेडिट म्हणजे कर्ज' असे लिहा. जसा एकच माणूस कुणाचा मामा असतो आणि कुणाचा जावई असतो, तसे शब्दाचे असते. घर बदलले की नाते बदलते.

तिसरी गोष्ट. घरातल्या नातवंडांना विचारा. ती शाळेत इंग्रजी शिकतात. त्यांनाही गंमत वाटेल. पण दवाखान्याचा कागद मात्र डॉक्टरांनाच विचारा आणि बँकेचा कागद बँकेतच विचारा. शाळेतला अर्थ तिथे चालेलच असे नाही. आम्ही त्याची किंमत मोजली आहे.

चौथी गोष्ट. आपला शब्द टाकू नका. उगवण, मुदत, जमा, शिल्लक, उतारा हे आपले शब्द नाणे वाजवल्यासारखे स्पष्ट आहेत. इंग्रजी शब्द कळावा, तो मिरवावा असे नाही.

पाचवी गोष्ट सगळ्यांत मोठी. कळले नाही तर विचारा. "साहेब, म्हणजे काय?" एवढेच म्हणायचे. डॉक्टर असो, दुकानदार असो, बँकेतला कारकून असो. मराठीत सांगा म्हणावे. आपल्याला विचारायची लाज वाटते. समोरचा हसेल असे वाटते. हसू द्या. तो घटकाभर हसेल आणि विसरेल. न विचारल्याचे दुःख मात्र घरात राहते.

आमचे चुलते आता थकले आहेत. अजूनही दवाखान्यातून कागद आला की ते आमच्याकडेच देतात. आम्ही तो वाचतो. आणि मग त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जातो आणि विचारतो, "साहेब, म्हणजे काय?" शिकलेल्या माणसाला हे विचारायला कमीपणा वाटत नाही, मग तुम्हाला का वाटावा?

त्या मावशींनी आता वही केली आहे. तिच्यात पहिला शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे: 'जनरल म्हणजे सर्व प्रकारचे. स्टोअर्स म्हणजे दुकान.' दुसरे पान कोरे आहे. उद्या वर्गाला येताना तुमच्या घरातले एखादे औषधाचे पाकीट, खताची पिशवी किंवा पासबुक घेऊन या. दुसरे पान आपण सगळे मिळून भरू.

रामराम मंडळी.

आजचे शब्द

पॉझिटिव्ह (तपासणीत): शोधले ते सापडले
निगेटिव्ह (तपासणीत): शोधले ते सापडले नाही
एक्सपायरी: मुदत संपण्याची वेळ
इमर्जन्सी: तातडी
डिस्चार्ज: दवाखान्यातून घरी जाण्याची परवानगी
जर्मिनेशन: उगवण
प्युरिटी: शुद्धता
सर्टिफाइड: तपासून प्रमाणित केलेले
पॉयझन: विष
अँटिडोट: विषावरचा उतारा
एमआरपी: जास्तीत जास्त किरकोळ किंमत
क्रेडिट (पासबुकात): जमा
डेबिट: नावे, खात्यातून गेलेले पैसे
बॅलन्स: शिल्लक

वाचा आणि सांगा

१. चुलत्यांचा कागद वाचता आला, तरी घात का झाला?
२. बियाण्याची पिशवी खालून का फोडावी?
३. हिरव्या रंगाचा चौकोन असलेला डबा निर्धोक असतो का?
४. मोबाइलवर पैसे घेताना पिन लागतो का?
५. तुमच्या घरातल्या एका वस्तूवरचा इंग्रजी शब्द शोधा. त्याचा अर्थ विचारून वहीत लिहा.